गाणी नसलेला दिवस

४ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मी आपणहून पत्र लिहिते म्हणजे काहीतरी मागायचं असतं, हे तुला पाठ आहे. तर हो, मागायचंच आहे. पण आधी बातमी वाच, मागणं शेवटी.

आमच्या रेडिओ केंद्रावर या महिन्याच्या पंचवीस तारखेला सकाळपासून रात्रीपर्यंत एकही गाणं लागणार नाही. दिवसभर नुसतं बोलणं. कल्पना माझी. मीटिंगमध्ये तोंडातून निघून गेली आणि मग मागे घ्यायची सोय राहिली नाही. आमच्या केंद्रप्रमुख, ज्यांना आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणतो, त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं की लोकांनी कंटाळून रेडिओ बंद केले तर जबाबदारी कोणाची. मी म्हटलं, माझी. झालं, पडलं गळ्यात. आखणी माझी आणि निवेदनाची खुर्चीही माझी. दिवस नीट पार पडला तर दर महिन्याला असा एक दिवस मिळणार. फसला तर माझी रवानगी पुन्हा टेपांच्या खोलीत, धूळ झटकायला.

सकाळी हवामान आणि डॉक्टरांना प्रश्न. मग लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाची मुलाखत, मृत्युपत्र कसं करावं यावर एक वकीलबाई, शाळेतल्या एक भूगोलाच्या बाई. दुपारनंतर मुलांची गोष्ट, एक वादविवाद, फुटबॉलच्या सामन्याचं थेट वर्णन आणि शेवटी नाटक. बघ, तोंडाला पाणी सुटलं की नाही?

आता मागणं. एकच्या बातम्यांनंतरची जागा मी मोकळी ठेवली आहे आणि ती तुझी आहे. ज्या खुर्चीत बसून तू वर्षानुवर्षं या गावाला वेळ सांगितलीस, तिथे येऊन बोल. ऑपरेशननंतर तुला घशाला लावून बोलायचं ते यंत्र मिळालंय, हे मला माहीत आहे. तू ते वापरत नाहीस आणि घरात पाटीवर लिहून दाखवतोस, हेही माहीत आहे. मामा, तू कोणाशीच बोलत नाहीस. दर रविवारी तुझा आईला फोन असायचा. आता रविवारी ती उगाच फोनवरची धूळ पुसते आणि मी बघितलं की म्हणते, काही नाही. तू बोलावंस असं आम्हा सगळ्यांना वाटतं, आणि मला तर फारच वाटतं.

तू आला नाहीस तर मोठ्या बाई तुझं एखादं जुनं भाषण लावणार आहेत. त्या तुझ्या आवाजाच्या भक्त. मीही आहे, पण मला टेप नको, तू हवा आहेस.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो या वेळी होकारात दिसू दे.

तुझी,
टकळी

---

९ फेब्रुवारी

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मामीला वाचायला दिलं. तिने ते माझ्याआधीच वाचलं होतं, पण पहिल्यांदाच वाचतेय असा चेहरा तिने फार छान केला. तुझ्या नाटकात एखादी भूमिका असेल तर बघ.

पहिली गोष्ट म्हणजे शाबास. दिवसभर नुसतं बोलणं! आमच्या वेळी असं कोणी सुचवलं असतं तर त्याला पंख्याखाली बसवून पाणी पाजलं असतं. तू सुचवलंस आणि अंगावर घेतलंस, याचं मला कौतुक आहे. तोंडावर केलं असतं तर तू शेफारली असतीस, म्हणून लिहून करतो.

दुसरी गोष्ट, येणं जमणार नाही. का ते एकदाच सांगतो. ते यंत्र घशाला लावलं की डब्यात माशी अडकल्यासारखा आवाज निघतो. त्याला चढ नाही, उतार नाही. रागावलो तरी तोच, लाडात आलो तरी तोच. घरी आणल्यावर मोठ्या उत्साहाने किराणावाल्याला फोन केला होता. त्याने दोनदा हॅलो म्हटलं आणि मग दुकानात कोणाला तरी ओरडून सांगितलं की फोन बिघडलाय, तक्रार नोंदव. तेव्हापासून ते कपाटात आहे. लोकांच्या कानात माझा एक आवाज शिल्लक आहे, तो आहे तसा राहू दे. त्यावर ही घरघर कशाला ओतायची? खरं सांगायचं तर मला लाज वाटते. लिहून टाकलं, आता पुन्हा विचारू नकोस. टेप लाव. तुझ्या मोठ्या बाईंना चांगलं कळतं.

आता फुकटचा सल्ला. दोन डॉक्टर पाठोपाठ लावू नकोस, ऐकणाऱ्याला दोघांचे आजार होतात. पाहुण्यासमोर पाणी ठेव, पण काचेचा ग्लास नको, तो टेबलावर वाजतो. माणूस पहिल्यांदाच बोलायला आला असेल तर त्याच्या घराचा जिना केवढा आहे ते विचार. जिन्याबद्दल कोणी घाबरत नाही. आणि एक कार्यक्रम संपला की श्वास घे. श्रोत्यालाही घ्यायचा असतो.

इथे रेडिओ बंदच असतो, ही खबर तुझ्या गुप्तहेराने दिली असेलच. पंचवीसला लावीन, सकाळपासून. मार्क कडक देणार.

तुझ्या आईला सांग मी ठीक आहे. कळावे, आणि रुसवा नसावा.

तुझा,
मामा

---

११ फेब्रुवारी

चि. टकळी हिस,
मामीचे अनेक आशीर्वाद.

हे वाचनालयात गेलेत तेवढ्यात लिहितेय, म्हणून अक्षर कोंबडीच्या पायांचं. यांनी तुला नाही म्हणून कळवलं ना? मला वाटलंच. तू मनाला लावून घेऊ नकोस आणि एक गोष्ट ऐक. ही पोटात ठेव.

यंत्र कपाटात आहे म्हणून यांनी लिहिलं असेल. सगळा दिवस असतं, अंघोळीच्या वेळी नसतं. बादली भरली तरी नळ धो धो चालू, म्हणून एकदा मी दाराशी गेले. आत वर्तमानपत्र वाचणं चाललं होतं, मोठ्याने, यंत्र लावून. सुरुवातीला नुसतीच घरघर. मग हळूहळू एखादा शब्द सुटा व्हायला लागला. परवा मला सगळं हवामान कळलं, उद्या ढगाळ, वारा बेताचा. मी तिथेच ओल्या पायपुसण्यावर उभी राहून डोळे पुसले आणि स्वयंपाकघरात पळाले. पाणी किती वाया जातं ते विचारू नकोस.

लोकांना काय वाटेल ते वाटो, मला तो आवाज आवडायला लागलाय. आत माणूस आहे हे कळतं. लग्नानंतर पहिल्यांदा हा माणूस कशाची तरी तयारी करतोय. आधी सगळं कसं आयतं होतं, तोंड उघडलं की लोक खूश. मला आत्ताचे हे जास्त मोठे वाटतात, पण हे मी त्यांना मेले तरी सांगणार नाही.

तू आग्रह करू नकोस. आग्रह केला की हे दुसऱ्या टोकाला जाऊन बसतात. तुझं अख्खं आजोळच तसलं आहे, तुझी आई धरून. नुसतं बरं म्हण.

पावलं वाजली. पुरे करते. माया आहे, ती वाढतेच.

मामी

---

१८ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

बरं.

तू नाही म्हणालास, विषय संपला. टेपांच्या खोलीत जाऊन तुझं एक भाषण काढलं, दुपारच्या प्रसारणातलं, घड्याळांवरचं. खाली जमिनीवर बसून ऐकलं. मध्ये आमचा इंजिनिअर काहीतरी विचारायला आला होता, तो दारातच थांबला आणि न विचारताच गेला. तुझा आवाज सुरू असला की माणसं अशी उभ्या उभ्या विरघळतात. तेच लावणार आहे.

बाकी धावपळ विचारू नकोस. लिफ्टवाल्यांना जिन्याबद्दल विचारायचा सल्ला ऐनवेळी आठवून हसू न येवो म्हणजे मिळवली. भूगोलाच्या बाईंवरून मात्र थोडी खडाखडी झाली. त्या बोलताना अडखळतात, चांगल्याच. मोठ्या बाईंचं म्हणणं की आधी टेप करून अडखळणं कापून टाकावं. मी म्हटलं की मग उरेल ते त्यांचं बोलणं नसेल. थेटच होणार. या वेळी मोठ्या बाईंनी चष्मा दोनदा पुसला.

आई बरी आहे. तिने पंचवीसला शेजारणींना घरी बोलावलंय ऐकायला.

मार्क कडक दे, पण दे. मायेत काटछाट नको.

तुझी,
टकळी

---

२६ फेब्रुवारी

चि. टकळीस,
अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

एवढं लांब पत्र मी मामीला लग्न ठरल्यावरसुद्धा लिहिलं नव्हतं, तेव्हा चहा घेऊन बस.

सकाळी रेडिओ लावला तेव्हा मामी म्हणाली की जरा हळू, शेजारी उठतील. लिफ्टवाल्याची मुलाखत सुरू झाली तेव्हा तिनेच येऊन आवाज वाढवला. तो काय बोलला गं! अडकलेली माणसं आधी घाबरतात, मग भांडतात आणि मग एकमेकांची नावं विचारतात, वर्षानुवर्षं एकाच इमारतीत राहून. मामी हातातलं भांडं तसंच धरून बसली होती. तू त्याला मध्ये टोकलं नाहीस, शाबासकी दिली नाहीस, फक्त पुढे काय झालं ते विचारत गेलीस. त्याआधी तुझा तो डॉक्टर एका प्रश्नावर सरळ म्हणाला की मला माहीत नाही. रेडिओवर डॉक्टरला माहीत नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं, आणि त्या क्षणापासून त्याच्या बाकीच्या सगळ्या उत्तरांवर माझा विश्वास बसला. वकीलबाईंनी मृत्युपत्राचा विषय असा खेळकर केला की मामी माझ्याकडे बघून हिशेबी हसायला लागली.

पण तुझी भूगोलाची बाई आली आणि मी खुर्चीत पुढे सरकलो. ती अडली. निवेदकाची जीभ अशा वेळी शिवशिवते, पुढचा शब्द आपल्याला दिसत असतो, तो हळूच पुढे करावासा वाटतो. तू केला नाहीस. तू गप्प राहिलीस आणि ते गप्प राहणं घाबरलेलं नव्हतं, ऐकणारं होतं. ती फळ्यावर नदी कशी काढते ते सांगत होती. ‘नदी’ या शब्दापाशीच अडली, आम्ही दोघं इथे श्वास धरून, आणि मग तिने तो शब्द म्हटला तेव्हा मला खरंच नदी दिसली. टकळे, हे तुला कोणी शिकवलं? मी नाही शिकवलं, कारण मला ते येत नव्हतं. त्या एका गप्प राहण्याबद्दल मी तुला पैकीच्या पैकी दिले.

मग माझी टेप. छान आवाज होता, खोटं कशाला बोलू. मामी रडली. मला रडू आलं नाही, मला वाटलं की हा गृहस्थ बरा बोलतो, जरा स्वतःवर खूश आहे एवढंच. आणि भाषण संपता संपता हा गृहस्थ मोठ्या रुबाबात सांगतो की दुपारचे दोन वाजले आहेत.

मी उठलो आणि भिंतीवरचं घड्याळ पुढे केलं. माझ्या स्वतःच्या हाताने! मामीने काय चाललंय म्हणून विचारलं, तर पाटीवर लिहिलं की घड्याळ मागे पडलंय. तेवढ्यात तुझा खुलासा आला की ती जुनी टेप होती, आत्ता दीडसुद्धा वाजलेला नाही. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. टेप कापताना शेवट तसाच राहिला होता, आणि मी, ज्याने ती वेळ सांगितली, तोच पहिला फसलो.

मी एकटा असतो तर हसून सोडून दिलं असतं. खिडकीतून बघतो तर समोरचा घड्याळजी शिडीवर चढून दुकानावरचं मोठं घड्याळ पुढे करतोय. मी दोन्ही हात हलवून नको नको म्हणतोय, तर त्याने वरूनच मला वाकून नमस्कार केला. त्याला वाटलं, मी आनंदाने हात हलवतोय. कोपऱ्यावरच्या शाळेची घंटा झाली आणि पोरं बाहेर. इकडे तू पुन्हा खुलासा करतेयस, मग तिसऱ्यांदा, आणि दर वेळी तुझा आवाज बारीक होत चाललाय. तो मला ऐकवेना. सकाळपासून सोन्यासारखा चाललेला तुझा दिवस, आणि तो माझ्या आवाजाने नासवायचा?

कपाट उघडलं, यंत्र काढलं, फोन फिरवला. तुमच्याकडच्या माणसाने लाईन खराब आहे म्हणून ठेवून दिला. पुन्हा फिरवला. या वेळी ठेवायच्या आत म्हटलं की लाईन चांगली आहे, घसा खराब आहे, माझ्या भाचीला द्या. मग तू आलीस. मी तुला रागवायला म्हणून फोन केला होता, पण तू हॅलोऐवजी नुसतं मामा म्हणालीस आणि माझ्या रागाची हवा गेली. सगळ्यांना ऐकवू का, म्हणून तू विचारलंस. मामी शेजारी उभी होती, तिने माझा दुसरा हात घट्ट धरला होता. मी म्हटलं, ऐकव.

वेळ दुरुस्त केली. तेवढंच करून ठेवणार होतो. पण तू सोडतेस कसली! सगळ्या गावासमोर मला विचारलंस की हा आवाज तुम्हाला कसा वाटतो. असा प्रश्न विचारायला छाती लागते. मी म्हटलं की मला काही तो आवडत नाही, पण याने अजून कोणाला चुकीची वेळ सांगितलेली नाही. तू हसलीस, मामी हसली, आणि मलाही हसू आलं. यंत्रातून हसू येत नाही. ते घरातच राहिलं.

मग आपण बोललो ते बोललो. मला त्यातलं फारसं आठवत नाही. तू घाई केली नाहीस, एवढं आठवतं.

संध्याकाळचा सामना मी शेजाऱ्यांच्या घरी ऐकला. कोणता संघ जिंकला ते विसरलो, पण तुझ्या त्या वर्णन करणाऱ्या पोरीने चेंडू आमच्या खोलीत आणला. नाटक अप्रतिम. दिवसाच्या शेवटी तू नुसतं बरं, येते म्हणून उठलीस, तेही आवडलं.

मार्क पुढच्या पत्रात, बेरीज करतोय. लोभ होताच, आता त्यात आदरही धर.

तुझा,
मामा

---

१ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी केंद्रावर वाचलं, जिन्यात बसून, आणि ज्यांनी ज्यांनी जाता जाता काय झालं म्हणून विचारलं त्यांना सर्दी झालीय म्हणून सांगितलं.

तू एक गोष्ट विचारली नाहीस, ती मीच सांगते. टेपचा शेवट कापायचा राहिला नव्हता. इंजिनिअरने कात्री माझ्या हातात दिली होती. मी तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा लावून ऐकला. लहानपणी आई जेवायला वाढायची आणि तू रेडिओतून वेळ सांगायचास, आणि मला वाटायचं की तू सांगितल्याशिवाय ती वेळ होतच नाही. माझा हात धजला नाही, मामा. म्हटलं, राहू दे, जुनी टेप आहे हे कोणालाही कळेल. आधी घोषणा करणारच आहे, मग कोण फसणार? शहाणपणा बघ माझा.

मोठ्या बाईंना हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. चुकीची वेळ जाणं म्हणजे आमच्याकडे काय असतं, ते तुला सांगायला नको. मी खुलासा करत होते आणि बाहेर फोन थांबत नव्हते. लोक माझंच चुकलं म्हणत होते. एका आजोबांनी मला झाडलं की तो आवाज कधी चुकत नाही, तू तुझं घड्याळ दुरुस्तीला टाक. तेवढ्यात इंजिनिअर म्हणाला की कोणीतरी खरखर करतंय आणि तुला भाची म्हणतंय. मी धावत गेले. तू पहिला शब्द बोललास आणि मी ओळखलं. कशावरून म्हणशील तर सांगता येणार नाही. मला तो अनोळखी वाटलाच नाही.

तू वेळ दुरुस्त केलीस आणि फोन बंद झाले. सगळे. त्या आजोबांचा तेवढा आला, त्यांना फक्त सांगायचं होतं की त्यांनी घड्याळ मागे केलंय. नंतर तू बोलत राहिलास तेव्हा काचेपलीकडे माणसं जमली होती. मोठ्या बाईही त्यात होत्या. तुला आठवत नाही म्हणतोस, तर मी सांगते. तू म्हणालास की बोलता येतं तेव्हा माणूस कोणाशी बोलायचं राहून गेलंय त्याचा विचारच करत नाही. मी पुढचा प्रश्न विसरले होते. तू त्याला घाई न करणं म्हणालास, तो तुझा मोठेपणा. मी या खोलीत बरेच आवाज ऐकलेत, मामा. इतकं धाडस असलेला एकही ऐकला नाही.

दर महिन्याचा दिवस मंजूर झाला. मोठ्या बाईंनी मला टेपच्या त्या तुकड्यावरून चांगलं फैलावर घेतलं आणि शेवटी, पाठमोऱ्या होऊन, विचारलं की तुझे मामा पुढच्या महिन्यात येतील का. मी विचारून सांगते म्हटलं.

आता आईचं. काल रविवारी मी दुपारी घरी आले तर ती फोनवर होती. मला हातानेच बस म्हणाली. मी जेवले, भांडी घासली, कपडे वाळत घातले, तरी ती फोनवरच. मधून मधून हं, हं करायची, मध्येच जोरात हसायची, एकदा तर रागावली. शेवटी रिसीव्हर ठेवला आणि तशीच बसून राहिली. मी घाबरत घाबरत विचारलं की आवाज कळला का, त्रास नाही ना झाला. तर ती पदराने डोळे पुसत म्हणाली की त्याच्यात काय बदललंय, मेला पूर्वीसारखाच मला एक वाक्य पुरं करू देत नाही.

मामीला नमस्कार. पुढच्या रविवारी आईला थोडं बोलू दे. माया आहे तश्शीच असू दे.

तुझी,
टकळी